आनुवंशिक कोलेस्टेरॉलचं अँटिबॉडी इंजेक्शन: खान्देशातल्या नव्या पेशंटसाठी टप्प्याटप्प्याने

दोन-दोन गोळ्या चालू असूनही एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) दीडशेच्या खाली उतरत नाही, घरात कुणाला तरी पन्नाशीच्या आत अटॅक येऊन गेलाय आणि डॉक्टर म्हणाले, ‘आता दर पंधरा दिवसांचं इंजेक्शन सुरू करू.’ हा लेख अशा घरांसाठी आहे. ही इंजेक्शनं दोन: इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब. औषध आधीच भरलेल्या, बटण दाबून टोचायच्या पेनमधून ती घेतात. दोन्ही २०१५ साली अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झाली, आता आपल्याकडेही मिळतात. टोचणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड जातं ते निदान पक्कं करणं, वर्षभराच्या पैशांची सोय करणं आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात ते पेन थंड ठेवणं.

औषध काय करतं ते आधी थोडक्यात. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायला लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर असतात. एकदा एलडीएल आत सोडलं की रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो आणि पुढचं उचलतो. पीसीएसके९ नावाचं प्रथिन त्याला चिकटलं की तो परत न येता पेशीतच नष्ट होतो. इंजेक्शनमधली अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच पकडणारं प्रथिन) हे पीसीएसके९ पकडून ठेवते, म्हणून रिसेप्टर जास्त दिवस टिकतात. आनुवंशिक आजारात बहुतेकांच्या एलडीएल रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी चांगली असते. त्या चांगल्या प्रतीतून बनलेले रिसेप्टर वाचवणं, एवढंच या औषधाचं काम. दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर गणित बदलतं, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

१. निदान पक्कं करून घ्या

मोठ्या माणसात औषध सुरू होण्याआधीचं एलडीएल १९० च्या वर आणि मुलांत १६० च्या वर असेल तर आनुवंशिक आजाराची शंका घ्यायची. ‘टोटल कोलेस्टेरॉल ३०० आलं’ एवढ्यावर काही ठरत नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) खूप वाढलेलं असेल (डायबेटिस, दारू, सुटलेलं पोट) तर टोटलही वाढतं, पण तो आजार वेगळा आणि त्यावर हे इंजेक्शन नाही. शिवाय ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असताना बऱ्याच लॅबमध्ये सूत्राने काढलेलं एलडीएल चुकीचं येतं. अशा वेळी ‘डायरेक्ट एलडीएल’ करून मागा.

दुसरी पायरी म्हणजे इतर कारणं बाजूला काढणं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लिव्हरच्या तपासण्या आणि साखर. थायरॉइड कमी असेल तर एलडीएल भरपूर चढतं आणि थायरॉइडच्या गोळीने उतरतं. स्वस्तातली टीएसएच न करता महागडं इंजेक्शन सुरू करण्यात काहीच अर्थ नाही.

मग अंगावरच्या खुणा. टाचेच्या वरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी जाड दोरी) दोन्ही पायांची चिमटीत धरून बघा. जाड, गाठाळ लागते का? हाताच्या बोटांच्या मागच्या कंडरांवर गाठी आहेत का? वयाच्या ४५ च्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं आलंय का? पापण्यांवरचे पिवळे चट्टे बऱ्याच लोकांना असतात, त्यामुळे त्यांचं वजन कमी. कंडरेच्या गाठीचं वजन फार मोठं.

या सगळ्याला गुण देणारी एक पद्धत आहे, डच लिपिड क्लिनिक स्कोअर. एलडीएल ३२५ च्या वर असेल तर ८ गुण, २५१ ते ३२५ ला ५, १९१ ते २५० ला ३. कंडरेच्या गाठीला ६, पंचेचाळिशीच्या आतल्या कड्याला ४. पेशंटला स्वतःला लवकर (पुरुषाला ५५ च्या आत, बाईला ६० च्या आत) हृदयविकार झाला असेल तर २. जवळच्या नातेवाइकाला असा लवकर विकार असेल तर १. जनुक तपासणीत दोष सापडला तर ८. एकूण ८ च्या वर गेलं की निदान पक्कं, ६ ते ८ म्हणजे दाट शक्यता. हा स्कोअर आकड्यासकट फाइलमध्ये लिहून घ्या, पुढे पैशांच्या अर्जात तोच कामी येतो.

इथली मोठी अडचण म्हणजे जुना रिपोर्ट. गोळ्यांवर असतानाचं १६० हे खरं १६० नाही. जोरकस स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायची नेहमीची गोळी) एलडीएल साधारण निम्म्यावर आणतं, म्हणजे मूळ आकडा ३२० च्या आसपास असणार. गोळी सुरू होण्याआधीचा कागद हाच खरा पुरावा. अटॅकच्या वेळची डिस्चार्ज फाइल, गावच्या लॅबचं रजिस्टर, विमा काढतानाची तपासणी, जुन्या मोबाइलमधले फोटो, सगळं धुंडाळा. नाहीच मिळालं तर डॉक्टरांकडून अंदाजी मूळ आकडा लिहून घ्या. पण पुरावा हवा म्हणून गोळी बंद करून पुन्हा टेस्ट करण्याचा उद्योग स्वतःच्या मनाने करू नका.

२. गोळ्यांची पायरी वगळू नका

इंजेक्शन गोळ्यांच्या जागी येत नाही, त्यांच्या जोडीला येतं. आधी स्टॅटिन पूर्ण ताकदीने (रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम), त्याला एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारी दुसऱ्या प्रकारची गोळी) १० मिलिग्रॅमची जोड, आणि रोज न चुकता घेऊन चार ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी). स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं. म्हणून ४० वर अडकलेल्याला ८० देऊन फार काही हाती लागत नाही, एझेटिमाइब जोडल्यावर लागतं.

ध्येय काय? २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आनुवंशिक आजार आहे पण हृदयविकार किंवा दुसरा मोठा धोका नाही, तर एलडीएल ७० च्या खाली. अटॅक, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञ फार धोक्यातल्या पेशंटला ५० च्या खाली ठेवायला सांगतात. लॅबच्या कागदावर ‘१०० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं, ते तुमच्यासाठी नाही.

स्टॅटिनने अंग दुखतं म्हणून बरेच जण गोळी गुपचूप सोडतात आणि डॉक्टरांना ‘चालू आहे’ सांगतात. मग इंजेक्शनची गरज आहे की नाही, हेच कळत नाही. दुखत असेल तर तसं सांगा. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासता येतं, गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो. सहनच होत नाही हे नोंदवलेलं असेल तर इंजेक्शनची शिफारस उलट भक्कम होते.

आणि जेवणाबद्दल. शेवभाजीवरची तर्री, वडे-भजी, मटणाचा रस्सा कमी केलाच पाहिजे, पण या आजारात पथ्याने होणारी घट थोडी असते. ‘तेल बंद केलं की उतरेल’ म्हणत वर्ष घालवू नका. कळण्याची भाकरी चांगलीच, पण तिने रिसेप्टर वाढत नाहीत. कोलेस्टेरॉल ‘साफ’ करणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवण्याआधी तेच पैसे इंजेक्शनसाठी बाजूला टाका.

३. फाइल तयार करा

प्लास्टिकच्या एकाच फाइलमध्ये मूळ कागद, दुसरीत झेरॉक्सचे तीन संच. लागणारे कागद:

- औषधाआधीचा आणि गोळ्यांवरचा लिपिड प्रोफाइल, तारखांसह
- टीएसएच, क्रिएटिनिन, लिव्हर, साखर, लघवीचा रिपोर्ट
- ईसीजी, टू-डी इको, अँजिओग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट आणि सीडी
- लायपोप्रोटीन (ए), म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या, एलडीएलसारख्याच एका कणाचा रिपोर्ट. ही तपासणी बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरते
- कोणती गोळी किती डोसने किती महिने घेतली, याचं डॉक्टरांच्या सहीचं पत्र
- निदान आणि स्कोअर लिहिलेली शिफारस, त्यात औषधाचं मूळ नाव, डोस आणि किती दिवसांनी ते स्पष्ट
- आधार कार्ड, रेशन कार्ड, नोकरदाराला ओळखपत्र किंवा विम्याचं कार्ड

जनुक तपासणी असेल तर उत्तमच, पण तिच्यासाठी औषध अडवून ठेवायची गरज नसते. दोष सापडला नाही म्हणजे आजार नाही, असंही होत नाही.

४. वर्षाचा हिशेब आधी, पहिलं पेन नंतर

हे औषध सुरू केलं की चालूच ठेवायचं असतं. बंद केलं की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या आकड्यावर जातं. म्हणून एका पेनची किंमत विचारून खूश होऊ नका, वर्षाची विचारा.

इव्होलोक्युमॅब दोन पद्धतीने देतात: १४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी किंवा ४२० मिलिग्रॅम महिन्यातून एकदा. ऐकायला महिन्याचं सोयीचं वाटतं. पण १४० ची पेनं वापरली तर ४२० म्हणजे एका वेळी तीन पेनं, म्हणजे वर्षाला ३६. पंधरवड्याच्या हिशेबात २६. परिणाम जवळपास सारखाच, खर्चात दहा पेनांचा फरक. अलिरोक्युमॅब ७५ मिलिग्रॅमने सुरू करून गरज पडली तर १५० करतात, दर दोन आठवड्यांनी. चार आठवड्यांनी ३०० ची पद्धतही आहे.

किंमत दुकानागणिक आणि शहरागणिक बदलते. जळगाव, नाशिक आणि मुंबई अशा तीन ठिकाणी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब दोन्हींवरचा जीएसटी शून्य आहे, त्यामुळे बिलावर कर लावलेला दिसला तर तिथेच विचारा. कंपनीची पेशंटसाठी काही सवलत योजना चालू आहे का, हे डॉक्टरांमार्फत विचारून घ्या. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

सरकारी योजनांबद्दल गैरसमज फार आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. अँजिओप्लास्टी त्यात बसते, घरी टोचायचं इंजेक्शन बसत नाही. खासगी मेडिक्लेमचंही बहुधा तसंच, ओपीडीचं वेगळं कलम असेल तरच. पॉलिसी काढताना हा आजार लपवू नका, लपवलेला सापडला की अटॅकच्या वेळचा क्लेमही अडतो.

रेल्वे, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी), ईसीएचएस (माजी सैनिक) आणि ईएसआयसीवाल्यांनी (कामगार विमा) मात्र आधी खात्याचं दार ठोठवावं. भुसावळात रेल्वेची घरं भरपूर, त्यांनी विभागीय रेल्वे रुग्णालयातूनच सुरुवात करावी. बाहेर विकत घेऊन मग बिल लावतो म्हटलं की बहुतेक वेळा फसतं. आधी तज्ज्ञाची शिफारस, मग मंजुरी, मग खरेदी हा क्रम पाळा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी प्रतिपूर्तीचे नियम आपल्या कार्यालयातून लेखी घ्यावेत.

५. विकत घेणं आणि घरी आणणं

हे औषध तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहसा पडून नसतं, मागवावं लागतं. संपायच्या दहा दिवस आधी ऑर्डर द्या. एका वेळी दोन पेनं पुरे, सहा महिन्यांचा साठा घरात नको. फ्रीज एकदा दगावला की सगळंच जातं.

दुकानात तीन गोष्टी बघा: पेन दुकानाच्या फ्रीजमधून तुमच्यासमोर निघालं का, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलावर उतरवली का, आणि पेटीचं सील. काउंटरवर ठेवलेलं पेन घेऊ नका, दुकानदार ओळखीचा असला तरी.

घरी आणायला थर्मासचा डबा किंवा छोटा आइस बॉक्स. जेल पॅक फडक्यात गुंडाळून तळाशी, वर पुठ्ठा किंवा टॉवेलची घडी, त्यावर पेन मूळ पेटीतच. पेन थेट बर्फाला टेकलं तर गोठतं आणि गोठलेलं पेन फेकूनच द्यावं लागतं. वितळल्यावर ते दिसायला ठीक दिसतं, तरी वापरायचं नाही. एसटीच्या पार्सलने किंवा कुणाच्या डिकीत ठेवून मागवू नका. नंदुरबार-नवापूरकडचे लोक सुरतहून आणतात, त्यांनी सकाळची गाडी धरावी. दुपारी दोनच्या डब्यात आइस पॅक लवकर हरतो.

६. घरात ठेवायचं कुठे

तापमान २ ते ८ अंश. फ्रीजच्या दारात नको (सारखं उघडझाक), बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटून नको (गोठतं). मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात पेटीसकट. शेजारी एक साधं फ्रीज थर्मामीटर ठेवा आणि उन्हाळ्यात रोज बघा.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की पेन फ्रीजबाहेर २५ अंशांपर्यंत ३० दिवस चालतं. हे वाक्य आपल्याकडे पूर्ण वाचा, कारण त्यातला २५ चा आकडा महत्त्वाचा. एप्रिल ते जून जळगाव-भुसावळात पारा ४४-४५ ला टेकतो, कूलर लावलेल्या खोलीतही २५ होत नाही. म्हणजे ‘महिनाभर बाहेर चालतं’ ही सवलत आपल्याला हिवाळ्यातच.

लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद दाराचा फ्रीज तीन-चार तास थंडावा धरतो. त्यापुढे गेलं तर आइस बॉक्स, किंवा इन्व्हर्टरवर फ्रीज असलेलं शेजारचं घर. थर्मामीटरने २५ ओलांडलं असेल तर ते पेन वापरण्याआधी डॉक्टरांना किंवा कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारा. प्रथिनाचं औषध उन्हाने बिघडलं तरी रंग बदलेलच असं नसतं.

७. टोचण्याची पद्धत

पहिली एक-दोन इंजेक्शनं दवाखान्यात, नर्ससमोर स्वतःच्या हाताने टोचा. नंतर घरी.

पेन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. गार औषध जास्त चुरचुरतं. पण उन्हात, गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालून गरम करायचं नाही आणि हलवायचंही नाही. खिडकीतून बघा: औषध स्वच्छ, रंगहीन किंवा फिकट पिवळसर हवं. गढूळ किंवा कण असलेलं वापरू नका. हात साबणाने धुवा. जागा: मांडी, किंवा बेंबीपासून दोन इंच सोडून पोट. दंडाच्या मागच्या बाजूला दुसऱ्याने टोचायचं. दर वेळी जागा बदला. तीळ, जखम, वळ, लालसर भाग टाळा. स्पिरिटचा बोळा फिरवा आणि जागा वाळू द्या.

टोपण अगदी शेवटी काढा आणि परत लावू नका. पेन त्वचेवर सरळ ९० अंशांत टेकवून घट्ट दाबा, मग बटण. क्लिक ऐकू आला की लगेच उचलायचा मोह होतो आणि बहुतेक डोस इथेच वाया जातात. औषध जायला १५ ते २० सेकंद लागतात. खिडकी पूर्ण पिवळी होईपर्यंत पेन दाबून ठेवा. उचलल्यावर एखादा थेंब दिसला तर चालतं, धार लागली तर डोस गेला नाही असं समजून डॉक्टरांना कळवा. लगेच दुसरं पेन टोचू नका. प्रत्येक कंपनीच्या पेनचं बटण वेगळं असतं, म्हणून पेटीतली चित्रं एकदा नीट बघा.

वापरलेलं पेन घंटागाडीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि भरली की दवाखान्यात द्या.

टोचल्या जागी लाली किंवा खाज, सर्दीसारखा त्रास, पाठदुखी एवढं काहींना होतं. अंगभर पित्त, चेहरा किंवा ओठ सुजणं, श्वास अडकणं असं झालं तर सरळ दवाखाना, आणि पुढचा डोस डॉक्टरांशी बोलूनच. दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बायकांनी हे आधीच सांगावं. स्टॅटिन आणि इंजेक्शन दोन्हींचा निर्णय तेव्हा नव्याने करावा लागतो.

८. डोस चुकला तर

ठरलेल्या तारखेपासून सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच टोचा आणि पुढचा डोस जुन्याच वेळापत्रकाने. सात दिवस उलटले आणि पंधरवड्याची पद्धत असेल तर तो डोस सोडून द्या, पुढच्या तारखेला घ्या. इव्होलोक्युमॅबची महिन्याची पद्धत असेल तर आठवलं त्या दिवशी घ्या आणि तिथून नवी तारीख धरा. दोन डोस एकत्र कधीच नाहीत. एक आड एक रविवार ठरवून कॅलेंडरवर खूण केली की सहसा चुकत नाही.

९. काम झालं का, ते बघणं

सुरू केल्यावर चार ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, शक्यतो पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये. गोळ्यांवरचं एलडीएल १५० होतं तर ते ६० ते ७५ च्या आसपास यायला हवं, म्हणजे ५० ते ६० टक्के घट. लायपोप्रोटीन (ए) देखील साधारण पाव हिश्शाने उतरतं. रिपोर्टवर एलडीएल ३० दिसून लॅबने ‘लो’ असा शेरा मारला तर घाबरून औषध बंद करू नका.

उतरलंच नाही तर कारणं या क्रमाने शोधा: गोळ्या बंद झाल्या का, पेन तापलं होतं का, पूर्ण डोस गेला का, तारखा चुकल्या का. हे चारही ठीक असेल तरच निदानाकडे परत जायचं.

फ्रीजची सोयच नाही, शिरपूरच्या पलीकडे किंवा धडगावच्या पाड्यावर लाइटचा भरवसा नाही, अशांनी डॉक्टरांना इन्क्लिसिरानबद्दल विचारावं. ते अँटिबॉडी नाही, लिव्हरमध्ये पीसीएसके९ तयार होणंच कमी करतं. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी, दवाखान्यातच टोचून घ्यायचा. घरात काहीच साठवावं लागत नाही. दूरच्या गावासाठी हीच सोय मला जास्त व्यवहार्य वाटते. अँटिबॉडी आणि हे दोन्ही एकत्र मात्र घेत नाहीत.

१०. घरातल्या बाकीच्यांची तपासणी

हा आजार २५० ते ३०० माणसांत एकाला असतो आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून पेशंटचे भाऊ-बहिणी, मुलं, आई-वडील सगळ्यांचं एकदा लिपिड प्रोफाइल करा. उपाशीपोटीच हवं असं नाही. ‘माले काय व्हयेल शे?’ (मला काय झालंय?) म्हणणारा धडधाकट भाऊच बहुतेक वेळा तपासणीतून निसटतो. मुलांची तपासणी पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान, स्टॅटिनचा विचार आठ-दहा वर्षांपासून.

मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. दोघांच्याही अंगात हा दोष असेल तर चारांतल्या एका मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळू शकतात. अशा मुलाचं एलडीएल ४०० च्या पुढे असतं, कोपर, गुडघे, बोटांच्या बेचक्यात लहानपणीच पिवळ्या गाठी येतात आणि विशीच्या आतही अटॅक येऊ शकतो. त्यांच्यात इव्होलोक्युमॅब दहाव्या वर्षापासून, ४२० मिलिग्रॅम महिन्याला देतात, पण घट २० ते ३० टक्केच, आणि रिसेप्टर अजिबात बनत नसतील तर शून्य. इव्हिनाक्युमॅब नावाची वेगळी अँटिबॉडी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती एएनजीपीटीएल३ या प्रथिनावर काम करते, तिला रिसेप्टरची गरज नाही, आणि ती वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने दर चार आठवड्यांनी शिरेतून देतात. रक्तातून एलडीएल गाळून काढण्याचा उपचारही असतो. यातलं काहीच तालुक्याच्या ठिकाणी होण्यासारखं नाही. अशा गाठी दिसलेलं मूल आधी त्वचारोगाच्या मलमांवर महिनोन्‌महिने घालवतं. तसं न करता लिपिड प्रोफाइल करून थेट मुंबई-पुण्याच्या बालहृदयरोगतज्ज्ञाकडे न्या, आणि जाताना आई आणि वडील दोघांचेही रिपोर्ट सोबत ठेवा.